डॉक्टर भाऊ, तुम्ही माती टाकू दिली नाहीत म्हणून

डॉक्टर भाऊ, नमस्कार.

हे पत्र फार उशिरा लिहितेय. तुमची बदली झाली तेव्हा निरोपाला यायचं होतं, पण केळीची कापणी सुरू होती, राहून गेलं.

२०२२ ला गुरांचा लम्पी रोग आपल्या जळगाव जिल्ह्यात शिरला तो पोळ्याच्या तोंडावर. आमच्या हौशा बैलाला आधी ताप, मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पायाला सूज. तुम्ही रोज येऊन इंजेक्शन देत होतात, गोचीड-माश्यांसाठी गोठ्यात फवारणी करून घेतलीत. हा रोग माणसाला होत नाही, हात लावायला घाबरू नका, हे पहिल्याच दिवशी सांगितलंत, म्हणून तरी शेवटपर्यंत त्याच्या गळ्यावरून हात फिरवता आला. दहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

ह्यांनी खड्डा खणायला सांगून ठेवलं होतं. वास सुटायच्या आत पुरून टाकू, असंच सगळे म्हणत होते. तेवढ्यात तुम्ही आलात आणि म्हणालात, "वहिनी, पंचनामा झाल्याशिवाय माती टाकायची नाही." खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता. घरात माणूस गेल्यासारखं झालेलं आणि तुम्ही कागद काढून बसलात.

मग त्याच्या कानातला पिवळा बिल्ला शोधलात. कान सुजून मुडपला होता, बिल्ल्यावर शेण वाळलेलं. खिशातला रुमाल ओला करून तुम्ही तो पुसलात. १२ आकडे मोठ्यानं वाचलेत, पोराला वहीत उतरवायला लावलेत, पुन्हा त्याच्याकडून वाचून घेतलेत. बिल्ला नि तोंड दोन्ही दिसेल असा फोटो काढलात. पंचांच्या सह्या खड्ड्याच्या काठावरच घेतल्यात, मग चुना टाकून माती.

आमच्या आळीत एकानं दोन गाई रात्रीतून पुरल्या, कुणाला न सांगता. लम्पीनं मेलेल्या दुभत्या गाईला सरकारी भरपाई ३०,००० होती, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. त्याला एक रुपया आला नाही. ना बिल्ला, ना फोटो. मागणार कशाच्या जोरावर?

आमचे पैसेही लवकर येईनात. एका टेबलावर "वरून आले नाहीत", दुसऱ्या टेबलावर "खालून गेले नाहीत". शेवटी तुम्हीच अर्जाची प्रत काढून बघितलीत. बिल्ल्याचे बारा आकडे बरोबर होते. चुकला होता खाते क्रमांकातला एक, आणि तोही आमच्याच हातून. ह्यांचा १ कुणालाही ९ वाटावा असा! दुरुस्तीचा अर्ज तुम्ही गाडीच्या सीटवर ठेवून लिहिलात.

२५,००० मध्ये तसला बैल येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. त्यात गुरांचे बाजार बंद. रब्बीची पेरणी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकली, जोडीतला दुसरा दावणीला उभा राहून बघत होता. पण ते पैसे हातात होते म्हणून तो विकावा लागला नाही. बाजार उघडल्यावर त्यात भर घालून गोऱ्हा घेतला. आता तोही जुवाला रुळलाय, जरा अवखळ आहे. त्याच्या बिल्ल्याचे आकडे पोरानं त्याच वहीत, हौशाच्या खाली लिहिलेत.

तुमचा तो रुमाल इथेच राहिला होता. धुऊन ठेवलाय. इकडे आलात की घेऊन जा, आणि जेवायच्या वेळेला या.

तुमची,
वहिनी