चार सुरांसाठी आभार

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण "रीड ओली केलीत का?" असे (रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी) विचारून विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहीत आहे.

वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी आपली ही तिसरी पिढी. मी बँकेतून निवृत्त झालेली, लहानपणी दोन वर्षे पेटी शिकलेली, सहासष्ट वर्षांची दादरकर. चातुर्मासात लग्ने थांबतात आणि सोमवारची सकाळ मोकळी मिळते, एवढ्याच हिशेबावर आपण आम्हां चौदा ज्येष्ठांना मंडळाच्या सभागृहात खुर्च्यांवर बसवून सुषिरवाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये, आणि तालवाद्ये शिकवायला घेतलीत. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू झाल्या, तरी रात्री उशिरापर्यंत वरात वाजवून आपण सकाळी दहाला हजर असायचात, आणि मुंबईत राहून "लोकल चुकली" हे कारण आपण एकदाही दिले नाहीत.

याआधी एका संगीतवर्गात मला "या वयात दम कुठून आणणार?" असे ऐकवून परत पाठवले होते. आपण वय विचारलेच नाहीत. माझे हात मात्र निरखून पाहिलेत. क्लॅरिनेटचा सारा भार उजव्या अंगठ्यावर येतो आणि माझ्या त्या हाताची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत, हे ओळखून पुढच्या सोमवारी आपण गळ्यात अडकवायचा पट्टा घेऊन आलात. पेटीची सवय असल्यामुळे कागदावरचा 'सी' मला पेटीच्या पांढरी एक पट्टीचा वाटे आणि वाजवल्यावर कानावर काळी पाच पट्टीचा सूर येई. माझेच वाद्य बिघडले आहे, असा माझा बरेच दिवस समज होता. क्लॅरिनेट 'बी फ्लॅट'चे, म्हणजे काळी पाचचे, असल्यामुळे त्याचा 'सी' तिथेच बोलतो, हे आपण मला चार वेळा समजावलेत आणि चौथ्या वेळीही आवाज चढवला नाहीत.

अमेरिकेत रोचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ साली ज्येष्ठ नवशिक्यांसाठी न्यू होरायझन्स नावाचा बँड सुरू केला आणि त्या धर्तीवर पुढे अनेक गावांत असे बँड निघाले, हे माझ्या मुलीने मला सांगितले. ज्याच्याकडून जेवढे उत्तम होईल तेवढे पुरे, हे त्यांचे ब्रीद. मोठ्या आशेने मी ते आपल्या कानावर घातले, तेव्हा आपण "आधी उत्तम होऊ द्या" म्हणालात आणि आम्हांला पुन्हा पहिल्या ओळीवर नेलेत. (त्या दिवशी मला आपला रागच आला होता, हेही इथे नोंदवून ठेवते.)

परंतु खरे आभार आहेत ते त्या हाताने लिहिलेल्या कागदाचे. आपण प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ लिहून आणलीत: ज्यांना येते त्यांना चाल, कवळीमुळे ज्यांच्या ओठांना ट्रम्पेटचा दाब फार वेळ सोसत नाही त्यांना मध्ये मध्ये विश्रांती, आणि मला चारच सूर, चारही डाव्या हाताच्या बोटांवर भागणारे, चष्म्यातून दिसावेत म्हणून ठसठशीत मोठ्या अक्षरांत. मला ती दयाच वाटली. दोन सोमवार मी वाद्य नुसते ओठांशी धरून बसले, कोणाला कळणार नाही अशा खात्रीने. तिसऱ्या सोमवारी आपण सर्वांना थांबवलेत, मला क्लॅरिनेट मांडीवर ठेवायला सांगितलेत आणि बाकीच्यांकडून तीच आठ मापे (चालीचे तालानुसार पाडलेले तुकडे) वाजवून घेतलीत. चाल होती, ताल होता, पण दोन्ही अधांतरी वाटत होते. मग आपण मला वाजवायला लावलेत आणि त्याच चालीखाली जणू फरशी आली. आपण काही बोलला नाहीत, पुढचे पान उलटलेत. मागच्या रांगेतून ट्रम्पेटवाले काका तेवढे म्हणाले, "बाई, आता गप्प बसू नका."

जानेवारीत आम्ही सभागृहात बसून वाजवले, तेव्हा नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्यांनी कशाही वाजवल्या असत्या. कार्यक्रम संपल्यावर आपण माझ्याजवळ येऊन "सहाव्या मापात श्वास चुकला" एवढेच सांगितलेत, आणि ते ऐकून मला जे समाधान झाले ते त्या टाळ्यांनी झाले नव्हते.

आता एक विनंती. गेला महिनाभर मी उजव्या तर्जनीने पाचवे छिद्र झाकण्याचा सराव करते आहे. दहातून सहा वेळा स्वर नीट लागतो, उरलेल्या वेळी क्लॅरिनेट किंचाळते आणि शेजारी दार लावून घेतात. पुढची चाल लिहाल तेव्हा माझ्या ओळीत तो पाचवा सूर एकदा तरी घालावा.

आपली विद्यार्थिनी,
तिसऱ्या क्लॅरिनेटवरून