फोन तुमचा, पण त्यातला सातबारा आमचा

संपादक महोदय,

सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोबाइलला सक्तीने कुलूप लावण्याविषयीची कालची बातमी वाचली. फोन आमच्या पैशाचा, मग कार्यालयाची लुडबुड कशाला, हा त्यातला कर्मचाऱ्यांचा सूर वाचून गप्प बसवेना.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौले उडाली, पोफळीची बाग आडवी झाली. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने आधार, बँकेचे पासबुक, सातबारा या सगळ्यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढले. भर पावसात ताडपत्रीखाली उभे राहून त्याने काम केले, त्याबद्दल मी आजही त्याला मानतो. पण दिवाळीनंतर तोच फोन दापोली-खेड एसटीत हरवला. त्याला साधा पिनही नव्हता, हे त्यानेच सांगितले. महिनाभरात माझ्या आईला फोन आला, वादळाची उरलेली मदत अडकली आहे, ओटीपी सांगा. बोलणाऱ्याला खाते क्रमांक तोंडपाठ! आईने ओटीपी दिला नाही, पण तेव्हापासून अनोळखी फोन वाजला की तिचे हात थरथरतात. माहिती त्याच फोनमधून गेली हे मला सिद्ध करता येणार नाही. गेली नाही, असे छातीठोकपणे सांगणाराही मला भेटलेला नाही.

अँड्रॉइड १० किंवा पुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात माहिती ठेवण्याची सोय, कारखान्यातूनच येते. पण पिन न ठेवणे म्हणजे किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवणे. व्हॉट्सअ‍ॅपचे एन्क्रिप्शन वाटेतला संदेश राखते, गॅलरीत उतरलेला फोटो नाही. कार्यालयाच्या कागदांसाठी फोनमध्ये 'वर्क प्रोफाइल' म्हणून वेगळा कप्पा करता येतो. फोन हरवला, तर तो नेटवर्कमध्ये येताच तेवढाच कप्पा दुरून पुसता येतो. घरच्या फोटोंना कोणी हात लावत नाही, मग लुडबुड कसली? कामासाठी फोन सरकारने द्यावा, ही कर्मचाऱ्यांची मागणी मात्र रास्त आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

जाता जाता आणखी एक. गेल्या आठवड्यात दाखल्यासाठी मास्क्ड आधार घेऊन गेलो, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून उतरवलेले होते. 'हे चालत नाही, पूर्ण नंबरवालं आणा' म्हणून परत पाठवले. दोन खेपा झाल्या, दाखला अजून हातात नाही.

– एक बागायतदार, केळशी (ता. दापोली)