पाच लिटरच्या टँकमध्ये तीन लिटर पाणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फायटर माशाच्या टँकच्या खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

१४ डिसेंबरला मी तुमचा काचेचा चौकोनी टँक ८९९ रुपयांना घेतला. खोक्यावर ‘५ लिटर, फायटरसाठी आदर्श’ आणि खाली ‘आज भरा, आजच मासा सोडा’ असं छापलंय. मुलाच्या वाढदिवसाची भेट होती. छापलंय ते खरं धरून आम्ही त्याच संध्याकाळी मासा सोडला.

आधी मापाचं बोलते. टँक आतून लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे १७ सेंटिमीटर. काठोकाठ भरला तर ४.९ लिटर. पण फायटर उडी मारतो आणि तुम्ही झाकण दिलेलं नाही, म्हणून वर चार बोटं मोकळी ठेवावी लागतात. त्यात तुमच्याच पाकिटातली खडी. लिटरच्या मापाने ओतलं, तर जेमतेम तीन लिटर मावलं. दूधवाल्याने असं माप घातलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी रतीब बंद केला असता.

चौथ्या दिवशी मासा तळाशी बसून राहिला. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आला. तो शून्य हवा. विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू नव्या टँकमध्ये जमायला काही आठवडे जातात. तोवर वीस लिटरमध्ये घाण निदान विरळ तरी होते. तीन लिटरमध्ये ती भराभर चढते. मी रोज अर्धं पाणी बदलू लागले, तर तापमान वरखाली व्हायला लागलं. पुण्यातली थंडी, सकाळी पाणी १९ अंशांवर. या माशाला २४ ते २८ लागतं, आणि तुमच्या टँकमध्ये हीटर धड बुडतही नाही. आठवड्याभरात शेपटीच्या कडा झडल्या.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, फायटर भातखाचरातला मासा, कपातसुद्धा जगतो.” दुकानात मासा कपात ठेवतात, तो विक्री होईपर्यंतच. आणि त्याच्या मूळच्या थायलंडमधली खाचरं उथळ असली तरी केवढी पसरलेली असतात! फायटर वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो, हे खरं. त्याने कमी प्राणवायूच्या पाण्यात निभतं. अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी ४५ × २५ × २५ सेंटिमीटरचा टँक घेतला. त्यात साधारण वीस लिटर पाणी, स्पंज फिल्टर, २५ वॉटचा हीटर आणि झाकण. गल्लीतल्या दुकानदाराने आपल्या चालू टँकमधला, ते जीवाणू आधीच जमलेला मुरलेला स्पंज काढून दिला, एक रुपया न घेता. शेपटीला आता नवी पारदर्शक कड फुटतेय.

मला ८९९ रुपये परत हवेत. शिवाय खोक्यावरून ‘आदर्श’ आणि ‘आजच मासा सोडा’ हे शब्द काढा आणि प्रत्यक्ष किती पाणी मावतं ते छापा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करेन.

बिल, खोक्याचे आणि शेपटीचे फोटो सोबत जोडले आहेत. टँक परत न्यायचा असेल तर आधी कळवा, सध्या त्यात मनी प्लांट लावलाय.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे