आधी दिशा छापा, मग हातोडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या वाहनांच्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं, की जुन्या डिझेल फोर बाय फोरचा रेडिएटरमागचा पंखा काही केल्या निघत नाही, काय करावं? उत्तर आलं ते असं, की नटावर गंज सोडवणारं तेल मारा, तासभर थांबा, लांब पान्ह्याने जोर लावा आणि तरीही नाही निघाला तर छिन्नी-हातोडा घ्या. जोर कोणत्या बाजूला लावायचा, याबद्दल अक्षर नाही.

भांडुपला एलबीएस मार्गालगत माझं गॅरेज आहे. जुन्या जीपगाड्या हेच आमचं पोट. त्या उत्तराचं कात्रण खिशात घेऊन एक सद्गृहस्थ गाडी टो करून आमच्याकडे आले. नटाचे कोपरे गोल झालेले, छिन्नीच्या ठोक्यांनी वॉटर पंपाचं बेअरिंग खडखडायला लागलेलं आणि घसरलेल्या पान्ह्याने रेडिएटरच्या नळ्या फोडलेल्या. नट होता तिथेच होता. तो उलट्या आट्याचा, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला फिरवल्यावर सुटणारा होता आणि हे गृहस्थ पान्ह्याला पाइप अडकवून तो आणखी आवळत होते. त्यांना मी काय बोलणार? छापलं होतं तसंच त्यांनी केलं होतं.

हा नट इतका का जाम होतो, ते आधी सांगतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत पंखा एका जाडजूड चकतीवर बसवलेला असतो, तिला आम्ही व्हिस्कस म्हणतो. तिच्यात सिलिकॉन तेल असतं आणि पुढे दोन धातूंची पट्टी किंवा गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती गुंडाळी आतली झडप उघडते, तेल पुढे सरकतं आणि पंखा पुलीबरोबर जोरात फिरू लागतो. हवा गार झाली की पुन्हा ढिला पडतो. ही चकती मागून एका मोठ्या नटाने वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसते. इंजिन चालू असताना पंप पंख्याला ओढतो आणि पंखा हवेच्या अडथळ्यामुळे मागे राहू पाहतो. आट्याची दिशा अशी ठेवलेली असते की या ओढाताणीत नट सुटू नये, उलट आवळला जावा. म्हणजे वर्षानुवर्षं गाडी स्वतःच तो कसत असते. वर मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. गंजाला आणखी काय हवं?

यातूनच दिशाही कळते. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर आपल्या बहुतेक गाड्यांची इंजिनं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची (फॅन बेल्टची) आतली बाजू पंपाच्या पुलीवर बसत असेल तर पंपही त्याच दिशेने फिरतो आणि तिथे आटा उलटा असतो. नेहमी ज्या बाजूला आवळतो त्या बाजूला फिरवला की नट सुटतो, सायकलच्या डाव्या पेडलसारखा. लँड रोव्हरच्या ३०० टीडीआय इंजिनावर ३२ एमएमचा नट असाच उलटा आहे. पट्ट्याची पाठ पुलीवरून जात असेल तर पंप उलट फिरतो आणि आटा बहुधा सरळ असतो. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असेल तर तेच प्रमाण माना. आणि मुळात मधला मोठा नट आहे का, हेही बघा. टोयोटाच्या एल मालिकेतल्या डिझेलवर, म्हणजे आपल्या क्वालिसवर, तो नसतोच. पंपाच्या फ्लँजला, म्हणजे पुढच्या चपट्या कडेला, चार छोटे नट असतात. कित्येक जुन्या जीपमध्ये तर व्हिस्कसच नाही, पंखा सरळ पुलीला बोल्टने कसलेला.

आता काढायचं कसं. इंजिन पूर्ण गार, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. रेडिएटरची जाळी आणि पंखा यांच्यामध्ये प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. वीस रुपयांचा पुठ्ठा रेडिएटर वाचवतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर बहुतेक गाड्यांत आधी सोडवून ठेवावं लागतं आणि पंख्याबरोबरच वर उचलावं लागतं. कव्हर जागेवर ठेवून पंखा उपसायला गेलात तर पाती तुटतील. पट्टा मात्र एवढ्यात काढू नका, त्याच्या ताणानेच पुली थोडीफार धरून राहते.

तेवढ्याने पुली थांबली नाही तर तिच्या दोन बोल्टांत अडकेल अशी, दोन भोकं पाडलेली लोखंडी पट्टी लागते. बाजारात तयार मिळते, पण आमच्याकडची एका फॅब्रिकेटरच्या भंगारातून कापून केलेली आहे आणि पोरं तिला 'धरणी' म्हणतात. पान्हाही नेहमीचा चालत नाही. पंखा आणि पुली यांच्यात जागाच एवढीशी, की जाड तोंडाचा पान्हा शिरत नाही. ग्राइंडरवर त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी घासून पातळ करावं लागतं. तो नटावर नीट, पूर्ण बसला पाहिजे. अर्धवट बसलेल्या पान्ह्यावर जोर लावलात तर कोपरे गेलेच.

मग झटका. माणसं पान्ह्याला लोंबकळतात, ते चुकीचं. हळूहळू वाढवलेला जोर पुली फिरवण्यात वाया जातो. पान्ह्याच्या टोकावर हातोडीचा एकच खणखणीत ठोका दिला, अर्थातच सुटण्याच्या दिशेने, तर पुलीला हलायला वेळ मिळत नाही आणि सगळा मार नटावर जातो. चांगला बसलेला पान्हा असेल तर 'टक' असा कोरडा आवाज येतो आणि पुढे नट बोटांनी फिरतो. हातोडी पान्ह्यावर मारायची, नटावर नाही, पात्यावर नाही आणि शाफ्टवर तर मुळीच नाही. गॅसची ज्योत लावू नका. शेजारी पंपाचं सील आहे, प्लॅस्टिक आहे, रबरी होज आहेत. एवढंही करून हलला नाही तर तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. तासाभराने काय होतंय?

काढलेला व्हिस्कस आडवा टाकून ठेवू नका, गाडीत असतो तसा उभा ठेवा, नाहीतर आतलं तेल झिरपतं. बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करून थोडं कॉपर ग्रीस लावा आणि सुरुवातीचे वेढे बोटांनीच द्या. उलट्या आट्याची सवय नसलेला हात तिरका नट घालून आटे मारतो. शेवटी हातभर टॉमी (लोखंडी दांडा) लावून कसायची गरज नाही, बाकीचं काम गाडी करते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना माल घेणार असाल तर पुढच्या गुंडाळीभोवती तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तो व्हिस्कस परत ठेवा.

मुळात पंखा काढायची वेळ आली आहे का, हेही त्या उत्तरात विचारलं नव्हतं. गाडी तापते म्हटलं की आधी रेडिएटर बदलणारे खूप. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ईस्टर्न एक्स्प्रेसवर तापमानाचा काटा जागेवर आणि साकीनाक्याच्या सिग्नलला, नाहीतर कसारा घाटात ट्रकच्या मागे चढतो, तर संशय पंख्यावर घ्या. वेगात वारा आपोआप मिळतो, तुंबलेल्या रस्त्यात मात्र सगळी भिस्त पंख्यावर. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवून बघा. काही न अडता भिरभिरला तर व्हिस्कस गेला. याउलट गार हवेतही इंजिनाच्या वेगाबरोबर सतत घोंघावत असेल तर तो आतून जाम आहे आणि फुकट डिझेल खातो आहे. काहीजण 'हिवाळ्यात कशाला हवा' म्हणून पंखा काढूनच ठेवतात. मुंबईत हिवाळा तो केवढा?

पावसाळ्याचंही सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर आलेल्या गाड्यांत पात्यांनी रेडिएटर सोललेले पाहिले. पाण्यात फिरताना पाती पुढे वाकतात आणि जाळीला लागतात. तेव्हा पाण्यातून गाडी काढलेली असेल तर पंखा सोडवायच्या आधीच पात्यांच्या मुळाशी तडा आहे का, ते टॉर्च लावून बघा. तडा असलेला पंखा पुन्हा बसवू नका. तो फुटून उडाला तर बॉनेट फाडतो.

आपल्या सदरावर माझा राग नाही. लोक ते वाचतात आणि कापून ठेवतात, म्हणूनच हे पत्र. येत्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत एवढी दुरुस्ती छापावी: 'पंख्याच्या मोठ्या नटाला हात लावण्याआधी आटा सरळ आहे की उलटा, हे ठरवा. गाडीसमोर उभे राहून पाहता पंप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर नट त्याच दिशेने फिरवल्यावर सुटतो.' शेजारी बाण काढलेलं चित्र दिलंत तर उत्तम. चित्र मी काढून पाठवतो.

आपला,
एक गॅरेजवाला, भांडुप (पश्चिम)
(नाव-पत्ता संपादकांकडे)