ड्रोनला छत दिसते, भिंत नाही

नागपूरच्या महाल-इतवारीच्या दाट वस्तीचा नकाशा निव्वळ ड्रोनच्या भरवशावर करू नये. वरून छत दिसते. बांधकामाची रेघ हवी ती जमिनीवरच्या भिंतीची. दोन्ही बाजूंचे 2-2 फुटी छज्जे भिंत समजले, की 8 फुटी गल्ली कागदावर 4 फुटांची! कडुनिंबाखालचे कोपरे तर दिसतच नाहीत. तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) आणि टेपच हवी.

ड्रोनची छायाचित्रे नेमक्या जागी बसावीत म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारून त्यांची स्थाने डीजीपीएसने (अधिक अचूक जीपीएसने) घ्यावीत, काही फुल्या केवळ तपासणीला राखाव्यात. मोबाइलचा जीपीएस नको, तो 3-4 मीटर सहज चुकतो. नव्या मोजणीशी जुना नगर भूमापन नकाशा जुळवताना लक्षात ठेवा, त्याचा कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही. 2 कोपरे जुळवून भागणार नाही. हद्दीचे जुने दगड आधी शोधा, नकाशा त्यांवर बसवा.

– एक भूमापक, नागपूर