खानावळवालीच्या भिंतीसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार,

लालबागच्या आपल्या चाळीची रस्त्याकडची भिंत पुन्हा रंगवायचं ठरलं आहे. चार वर्षांपूर्वी काढलेला गिरणीचा भोंगा दोन पावसाळ्यांतच पोपड्यांसकट खाली आला. चूक आमचीच. मोरीचा पाइप आत गळत होता आणि आम्ही वरून रंग मारून मोकळे झालो. आता काहीजण म्हणतात, देवांच्या टाइल्स लावा, निदान कोणी थुंकणार नाही. देवाला पहाऱ्यावर बसवणं काही आम्हाला पटत नाही.

वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोनच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014 साली रंगवलेले दादासाहेब फाळके तुम्ही पाहिले असतील. मोठ्या माणसांना मोठ्या भिंती मिळतात. आपल्या भिंतीवर खानावळवाली हवी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेल्या कामगारांना तिनं पाळ्या सांभाळून जेवू घातलं, गिरणी संपातही उधारीवर. अशाच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

चित्र काढणारी मुलं महिनाभर आपल्या आज्यांशी येऊन बोलत होती. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सासूबाईंची हिशेबाची वही काढली. पानांवर तेलाचे डाग. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. त्यानंतर पानोपानी बाकी वाढत जाते आणि मग एकेका नावापुढे ‘गावी गेला’ एवढंच. आकडे मात्र कुठेच खोडलेले नाहीत. भिंतीवर बाईच्या मागे हेच पान येणार आहे, नावं बदलून.

भिंत 40 फूट लांब, 22 फूट उंच. पाइप आणि प्लास्टरला 55,000 रुपये, परांचीला 18,000, प्रायमर आणि रंगांना 32,000. मुलांना मानधन 40,000. ती नको म्हणतात, पण आपण द्यायचंच. एकूण 1,45,000 पैकी 41,500 जमले आहेत.

पैसे जमत नसतील तर जुने फोटो, पितळी डबे, खानावळीचा पास, काहीही दाखवायला आणा. पाहून परत देऊ. परांची बांधायला चार हात लागतीलच. डोंबिवली-बदलापूरला राहायला गेलेल्या जुन्या भाडेकरूंनाही हा निरोप द्यावा.

काम दिवाळीनंतर सुरू होईल. वर्गणी रोज संध्याकाळी 7 ते 9 मंडळाच्या खोलीत द्यावी आणि पावती मागून घ्यावी.

आपले,
चाळ समितीचे कार्यकर्ते