मोहोरावरच्या हिरव्या माशा

पुणे,
12 फेब्रुवारी

प्रिय सुधीर,

मोहोरावरच्या माशांचे तुझे अकराही फोटो पोचले. काल जेवण आटोपून जो बघत बसलो, तो बारा वाजले तरी उठलो नाही. फार आनंद झाला रे.

‘हिरवी ती एक, निळी ती दुसरी’ असं तू लिहिलंयस. मीही आधी तसंच करायचो आणि कितीतरी नावं चुकीची लिहून ठेवली. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे. कवचाचे अतिशय पातळ थर उजेड परतवतात, त्यातून तो दिसतो. म्हणून कोन बदलला की हिरवीची निळी होते, फ्लॅश पडला की तांब्याची झाक येते. तुझा तिसरा आणि चौथा फोटो एकाच माशीचा आहे. डाव्या पंखाची फाटकी कड बघ.

तेव्हा रंग सोड. पंख धडाला जुळतो तिथे फोटो मोठा कर. मुळाशी एक जाड शीर आहे. तिच्यावर वरून बारीक केसांची रांग असेल तर माशी क्रायसोमाया या वंशातली, गुळगुळीत असेल तर ल्युसिलिया या वंशातली. सातव्या फोटोत ती रांग लख्ख दिसते. गाल नारिंगी, लालभडक डोळे एकमेकांना भिडलेले, आणि डोळ्यातले भिंगासारखे वरचे कण मोठे, खालचे बारीक, मधे रेघ मारल्यासारखी. हा क्रायसोमाया मेगासेफाला या जातीचा नर. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1794 साली या जातीचं वर्णन केलं. नावाचा अर्थच मोठ्या डोक्याची. सुकत घातलेल्या मासळीवरून तू हिला हाकलतोस, पण मोहोरावर फिरताना परागही हीच वाहते. फवारणीच्या वेळी एवढं ध्यानात ठेव.

नववा फोटो माशीचा नाहीच. लांब मिशा, पंख चार. ही गांधीलमाशीच्या गोतातली, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणारी. माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी इवल्याशा घुंड्या असतात.

दुसरा आणि पाचवा ल्युसिलियाचे. त्यातली जात कुप्रिना की सेरिकाटा हे ठरवायला पुढच्या पायाची मांडी बघावी लागते: हिरवी चमकली तर कुप्रिना, काळपट असली तर सेरिकाटा. तू वरून फोटो काढलेस, मांडी झाकली गेलीय. वहीत नुसतं ‘ल्युसिलिया’ लिही, पुढची जागा कोरी सोड. अंदाजाने भरू नकोस.

यापुढे एकीचे तीन फोटो घे, वरून, बाजूने, समोरून. पहाटे गारठ्यात त्या सुस्त असतात, तेव्हाच जा. आणि दहाव्याची मूळ फाइल पाठव, मेसेजमधून येताना आकार घटून पंखाच्या मुळाशी नुसता धूसर डाग उरलाय. मे महिन्यात येतो तेव्हा भिंग घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश